कर्नाकला जाण्याआधी

इजिप्तमधल्या लक्सरच्या कर्नाक मंदिरात काय काय आहे याची यादी सगळीकडे मिळते. आधी ठरवायचं ते हे की कुठल्या भिंतीसमोर किती वाजता उभं राहायचं. कोरीव काम खुलतं तिरप्या उन्हात. सूर्य डोक्यावर आला की रेतीखडकावरच्या रेषा दिसेनाशा होतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला दिवस निवडा आणि सकाळी सहाला दार उघडतानाच पोचा. दहाच्या सुमारास तांबड्या समुद्राकाठच्या हुरघदाहून बसगाड्या यायला लागतात. जूनमध्ये दुपारी पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा जाणं टाळलेलंच बरं.

आदल्या रात्रीची कामं थोडी, पण चुकवू नयेत अशी. परदेशी पाहुण्यांना तिकीट कार्डानेच काढावं लागतं. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार बहुधा बंद असतात, ते निघण्यापूर्वीच बँकेच्या ॲपमधून सुरू करा. रुपे कार्डावर विसंबू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेवा. लहान नोटा वेगळ्या खिशात असू द्या, कारण आतले रखवालदार एखादं दार उघडून देतात आणि बक्षिशीची अपेक्षा ठेवतात. हॉटेलचा नाश्ता सहाच्या आत मिळत नाही, तो बांधून द्यायला सांगा. माणशी दोन लिटर पाणी घ्या. मुंबईत घामाने अंग चिकचिकतं, त्यावरून पाणी प्यायची आठवण होते. इथल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि तहान उशिरा कळते. टोपी, लांब बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट हवेतच. जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, वर जाकीट असावं. ड्रोन घरीच ठेवा. इजिप्तमध्ये त्याला बंदी आहे, विमानतळावर जप्त होतो.

पहिला पायलॉन, म्हणजे प्रवेशाच्या दोन अवाढव्य बुरुजांची जोडी, पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो, त्याचे फोटो दुपारी उशिरा घ्या. मात्र आत आल्यावर उजव्या बुरुजाच्या मागच्या अंगाला कच्च्या विटांचा ढिगारा दिसेल, तो चुकवू नका. दगड वर चढवण्यासाठी केलेला हा उतार आहे. बांधकाम पुरं झालंच नाही, म्हणून तो काढायचा राहून गेला. एवढे दगड वर नेले कसे, याचा पुरावा असा जागेवर क्वचितच पाहायला मिळतो.

तिथून थेट खांबांच्या दालनात जा आणि निदान तासभर तिथेच काढा. 134 खांब आहेत, मधले 12 सुमारे 21 मीटर उंच. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात सेती पहिला या फॅरोच्या (इजिप्तच्या प्राचीन राजाच्या) काळातली उठावाची नाजूक चित्रं आहेत, दक्षिणेकडे त्याचा मुलगा रामसेस दुसरा याच्या काळातली दगडात खोल खोदलेली. दोन्हींत दगडावरचा हात किती वेगळा आहे ते समोरासमोर पाहा. मग मान वर करा. तुळयांच्या खालच्या बाजूला मूळ रंग टिकून आहे, त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स उपयोगी पडते. खांबांना हात लावू नका. जमिनीतलं पाणी दगडात चढतं, वाळताना क्षार स्फटिक होऊन कण सुटतात, आणि मग नुसत्या स्पर्शानेही भुगा पडतो. 1899 मध्ये या दालनातले 11 खांब कोसळले होते.

बहुतेक लोक इथून सरळ ओबेलिस्ककडे, म्हणजे एकाच दगडातून घडवलेल्या टोकदार उंच स्तंभाकडे जातात आणि दालनाच्या बाहेरच्या भिंती राहून जातात. उत्तरेच्या भिंतीवर सेतीच्या लढाया आहेत. दक्षिणेच्या बाजूला हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं, ती नंतर पाहिली तरी चालते. त्यानंतर राणी हात्शेपसुतचा जवळजवळ 30 मीटरचा ओबेलिस्क, आणि पार पूर्वेला फॅरो थुतमोस तिसऱ्याचं उत्सवगृह. त्याच्या मागच्या एका खोलीत सीरियाच्या मोहिमेतून आणलेली झाडं-पाखरं कोरली आहेत, रखवालदाराला विचारूनच आत जा. उत्तर टोकाच्या प्ताह देवाच्या लहानशा मंदिरात सिंहमुखी देवी सेखमेतची काळ्या दगडाची मूर्ती अंधाऱ्या खोलीत उभी आहे. तिथे टॉर्च लावू नका, दार लोटून घ्यायला सांगा. छताच्या भोकातून येणारा उजेड पुरतो, फक्त डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या.

एकूण चार तास धरा.