केप बफेलोसाठी बाण कसा जुळवायचा (धनुष्याचं नंतर बघू)

आधी कायद्याचं उरकून टाकू. हे सगळं दक्षिण आफ्रिकेसारख्या देशात परवाना काढून होणाऱ्या केप बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या रानम्हशीच्या, शिकारीबद्दल आहे, आपल्या सह्याद्रीबद्दल नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, गवा त्यात शेड्यूल एकमध्ये, आणि आंबोली-दोडामार्गाकडे गव्याने बागेत शिरून कितीही नासधूस केली तरी बाण रोखायचा विचारसुद्धा करायचा नाही, वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाईचा अर्ज टाकायचा. डुकराचंही तेच, परवानगीशिवाय काही नाही. तिकडेही सगळीकडे चालतं असं नाही, केनियात १९७७ पासून शिकारच बंद आहे, आणि दक्षिण आफ्रिकेत प्रांताप्रमाणे नियम बदलतात, त्यामुळे खरेदीच्या आधी तिथल्या लायसनवाल्या प्रोफेशनल हंटरकडून किमान ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर, पाउंडात) किती, बाणाचं वजन किती, हे लेखी मागवून घ्या.

आता मुद्दा. डर्बन-जोहान्सबर्गला कामाला गेलेली आपली पोरं विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं कंपाउंड (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) घेऊ आणि स्पीड किती? अरे बाबा, जनावराला धनुष्य लागत नाही, बाण लागतो. म्हणून टोकापासून सुरुवात करायची आणि मागे मागे येत सगळ्यात शेवटी धनुष्यावर यायचं.

आणि क्लबमधला बाण घेऊन तर मुळीच जाऊ नका. २०२३ मध्ये ओजस देवतळे आणि अदिती स्वामी वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून कंपाउंडचं वेड वाढलंय, चांगलंच आहे, पण टार्गेटच्या खेळात धनुष्य ६० पाउंडाच्या वर चालत नाही आणि बाण हलका असतो, कारण तिथे कागदाला भोक पाडायचं असतं. केप बफेलोचा नर सात-आठशे किलोचा, कातडं जाड, बरगड्या रुंद, आणि जखमी झाला तर पळून जाईलच असं नाही, उलटा अंगावर येतो.

वजनाचं गणित सांगतो. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एका ग्रॅमचे साधारण १५.४ ग्रेन. समजा ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २८० फुटांनी सुटला, तर त्याची ऊर्जा जवळपास ७० फूट-पाउंड. दुसरा बाण ८०० ग्रेनचा, २०५ फुटांनीच सुटला, त्याची ऊर्जा ७५ च्या आसपास. म्हणजे फार फरक नाही असं वाटतं ना? पण संवेग काढा, वजन गुणिले वेग, तर दुसऱ्याचा जवळजवळ दीडपट भरतो. रिकामा टेम्पो आणि चिऱ्याने भरलेला टेम्पो घाटात एकाच वेगाने उतरत असले तर कुठला आधी थांबेल ते आपल्याला शिकवायला नको. हाडातून पार जायला हाच रेटा लागतो, आणि वर जड बाणाने धनुष्याचा आवाज पण कमी येतो, जनावर दचकत नाही.

यावर डॉ. एड अ‍ॅशबी नावाच्या माणसाने आयुष्य घालवलं, १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सुरुवात करून नुकत्याच मारलेल्या जनावरांवर बाण मारून कुठे अडकला, काय वाकलं, काय तुटलं याच्या नोंदी ठेवल्या. जड हाड फोडायचं तर ६५० ग्रेनच्या खाली येऊ नका हा आकडा त्यांचाच. पण लोक तेवढा आकडा पाठ करतात आणि त्यांचा क्रम विसरतात. पहिलं, बाण तुटता-वाकता कामा नये. दुसरं, तो सरळ उडाला पाहिजे. वजन वगैरे सगळं त्याच्या नंतर. वाकलेल्या टोकाचा ९०० ग्रेनचा बाण काही कामाचा नाही.

तर टोक. दोन पात्यांचं, एकसंध स्टीलचं, रुंदीच्या तिप्पट लांब असं निमुळतं ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) घ्या. उघडणाऱ्या पात्यांची मेकॅनिकल टोकं हरणाला ठीक, बफेलोला साफ नाही, उघडण्यातच ताकद जाते आणि हाडावर पातं मोडतं. सिंगल बेव्हल, म्हणजे एकाच बाजूने घासलेली धार असेल तर उत्तम, ते आत शिरताना फिरतं आणि हाडाला चीर पाडतं. फक्त बेव्हल उजवा असेल तर मागची पिसं पण उजव्या वळणाचीच लावा, नाहीतर हवेत एकीकडे फिरणार आणि आत गेल्यावर दुसरीकडे, तिथेच जोर संपला.

पाकिटातून काढलेल्या धारेवर विश्वास ठेवू नका, स्वतः लावा. बेव्हलवर मार्करने काळी रेघ मारायची, सहाणेवर हलक्या हाताने एकदा ओढायचं आणि शाई कुठली गेली ते बघायचं. नुसती कडेची गेली तर तुम्ही टोक जास्त उभं धरलंय, मागची गेली तर जास्त आडवं. सगळीकडून सारखी जायला लागली की कोन जमला, मग मागच्या सपाट बाजूला बोटाला लागणारी बारीक कूस काढायला जुन्या चामडी पट्ट्यावर चार हात मारा. टेस्ट सोपी आहे, डब्यावर रबरबँड ताणून लावा आणि धार नुसती टेकवा. दाबायला लागलं तर परत सहाणेवर.

आता शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी. इथे स्पाइन म्हणजे कडकपणा बघायचा. २८ इंचांवर दोन टेकू, मध्ये ८८० ग्रॅम वजन, आणि शाफ्ट किती लवतो तो आकडा, अर्धा इंच लवला तर ५०० स्पाइन, ०.३ इंच लवला तर ३००. म्हणजे आकडा लहान तेवढा बाण कडक, दुकानात इथेच गोंधळ होतो. आणि पुढे जड टोक लावलं की तोच शाफ्ट सुटताना जास्त लवतो, म्हणून शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या चार्टमध्ये तुमच्या ड्रॉ वेटसमोर जो आकडा आहे त्यापेक्षा कडक लागणार हे धरूनच चाला, आणि शक्यतो दोन-तीन स्पाइनचे एकेक शाफ्ट आणून मारून बघा, एकदम डझन उचलू नका. शाफ्टची जाडी टोकाच्या मानेपेक्षा किंचित कमी असावी म्हणजे आत जाताना घासत नाही. इन्सर्ट, म्हणजे टोक शाफ्टला जोडणारा तुकडा, स्टीलचा घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा हाडावर दबतो.

उदाहरणादाखल जुळणी: २९ इंचाचा शाफ्ट, इंचाला ११ ग्रेन, म्हणजे ३१९. स्टीलचा इन्सर्ट १००, ब्रॉडहेड २५०, पिसं आणि नॉक (मागची दोरीत अडकणारी खाच) मिळून ३५. झाले ७०४ ग्रेन. यात वजन पुढे आलंय ते मुद्दाम. त्याला एफओसी (फ्रंट ऑफ सेंटर, तोल मध्यापासून किती पुढे) म्हणतात, बाण बोटावर तोलायचा, नॉकच्या खाचेपासून तोल किती इंचांवर आला ते मोजायचं, त्यातून अर्धी लांबी वजा करायची आणि उरलेलं पूर्ण लांबीच्या टक्केवारीत काढायचं. तोल २०.५ वर आला तर वजा १४.५, राहिले ६, म्हणजे २० टक्क्यांच्या थोडं वर. या कामाला तेवढा असावा असं माझं मत, पण एफओसीच्या नादात कमी कडक शाफ्ट घेऊन बाण वाकडा उडवणारेही बघितलेत, त्यापेक्षा १५ टक्के आणि सरळ उडणारा बरा.

सरळ उडतो का ते कसं कळणार? टोक अंगठ्याच्या नखावर उभं धरून बाण गरगर फिरवा, नखाला थरथर जाणवली तर टोक वाकडं बसलंय. मग बिनपिसांचा बाण वीस मीटरवरून मारा, तो पिसांवाल्याच्या शेजारी लागला पाहिजे. शेवटी ब्रॉडहेड आणि प्रॅक्टिसचं टोक एकाच जागी लागतंय का बघा. आपल्याकडे सड्यावर प्रॅक्टिस करणार असाल तर मागे पेंढ्याची चांगली जाड भिंत पाहिजे, जड बाण साध्या फोममधून आरपार जातो आणि कातळावर आपटला की शाफ्टला बारीक तडा जातो, तो दिसत नाही, पण पुढच्या वेळी ताण बसला की हातात फुटतो. म्हणून प्रत्येक बाण वाकवून आणि पिळून, कान लावून बघायचा, करकर आवाज आला की फेकून द्यायचा.

धनुष्य आता. कंपाउंडला ७० ते ८० पाउंड लागतातच, पण जितकं तुम्ही बसून, थंडीत, हळूहळू ओढू शकता तितकंच. अंतर २०-२५ मीटरच्या आत, जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं, पुढच्या पायाच्या रेघेत छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. समोरून कधीच नाही. शेजारी .३७५ किंवा मोठी रायफल घेऊन हंटर उभा असणारच, त्याने नको म्हटलं की दोरी खाली.

पावसाळ्यात सामान घरी असेल तर एवढं करा, खाऱ्या हवेत हाय कार्बन स्टीलला रात्रीत तांबेरा धरतो, शिलाई मशीनचं तेल लावून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. खोबरेल नको, चिकट होऊन बसतं. पक्ष्याची पिसं दमट हवेत बसतात, प्लॅस्टिकच्या व्हेन लावल्या तर ती कटकट नाही. आणि विमानात टोकं हँडबॅगेत टाकू नका, शाफ्टपासून वेगळी काढून, झाकण असलेल्या कडक डब्यात, चेक-इनमध्येच.