डोकं मोकळं करायला जाता आणि आणखी भरतं? या चुका टाळा

रात्रीचे साडेअकरा. दिवे मालवलेत, पंखा गरगरतोय आणि डोक्यात एकदमच गॅसचं बुकिंग, साहेबांचा दुपारचा टोमणा आणि मुलीच्या दातांची तार. यातलं एकही काम त्या वेळी होण्यासारखं नसतं. तरी आपण उताणे पडून स्वतःला दटावतो, "बास, आता काही विचार करायचा नाही!"

पहिली चूक हीच. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर हवा तेवढा विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी अस्वल दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात ते इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. अस्वल आलं का हे बघायला मनाला दारात अस्वलाचीच वाट बघत बसावं लागतं, दुसरं काय होणार? ध्यानाला पहिल्यांदा बसणारे इथेच वैतागून उठतात. विचार येणं हा बिघाड नव्हे. आला, दिसला, परत श्वासाकडे. पाच मिनिटांत वीसदा परतावं लागलं तर वीसदा परतायचं.

यादी केली, तरी भुणभुण थांबत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि दोष बहुतेक वेळा यादीतच असतो. माझीच एक यादी सांगते. लाइट बिलाच्या पाठीवर लिहिलेली: "बँक. आईचा चष्मा. घर." यातलं "घर" म्हणजे कोकणातलं कौलारू घर, पावसाआधी शाकारायचं. मार्चपासून प्रत्येक यादीत ते असायचं आणि प्रत्येक वेळी पुढच्या यादीत जायचं. मेमध्ये एकदा चिडून ते खोडलं आणि लिहिलं: "शनिवारी अकरा वाजता दादाला फोन. कौलं कोण बघणार, एवढंच विचारायचं." त्या रात्री घर डोक्यात आलंच नाही. काम तसूभर सरकलं नव्हतं, तरीही. शनिवारी दादा म्हणाला, "अगं, परवाच शाकारून झालं की!" दोन महिने मी त्या दोन अक्षरांपायी हैराण.

मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवलं: अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या कामात लुडबुडतं, पण ते कसं नि केव्हा करायचं याचा नेमका बेत ठरला की लुडबुड थांबते. काम पूर्ण व्हावं लागत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीत क्रियापद हवं, वार हवा, आणि पहिली पायरी एवढी लहान हवी की वाचून हसू यावं. काही गोष्टींना पायरीच नसते, साहेबांच्या टोमण्याला काय करणार? तिथे "माझ्या हातात नाही" असं चक्क लिहायचं.

मोबाइलवर "पाच मिनिटं विरंगुळा" हीही चूकच, फार बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त चालायला जाताना तरी कानात काही घालू नका. आणि रात्री नऊचा चहा सोडा. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

विचार करून करून गुंता वाढतो

"माझ्याच बाबतीत असं का?" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो संपत नाही. इथे थोडं लांब उभं राहावं लागतं, आणि त्याची सोपी युक्ती म्हणजे सर्वनाम बदलणं. ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, "मी"ऐवजी स्वतःला नावाने किंवा "तू" म्हणून संबोधणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी कमी त्रास झाला. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. समर्थांनी २०५ श्लोकांत "मना" अशी हाक मारत मनाला समोर बसवलंय. मी स्वतःला घरच्या लाडक्या नावाने विचारते, "तुझ्या जागी शेजारच्या वहिनी असत्या, तर काय सांगितलं असतंस?" वहिनींना मी कधीच "तुमचं नशीबच फुटकं" म्हटलं नसतं.

मैत्रिणीशी बोलून मोकळं होणं चांगलंच, पण तीच कहाणी चौथ्यांदा त्याच शब्दांत सांगत असाल तर मोकळं काही होत नाही, नुसती उजळणी होते. फोन लावल्याबरोबर सांगून टाका: "फक्त ऐक" किंवा "काय करू ते सांग."

रात्री निर्णय घेऊ नका, राजीनाम्याचा तर नाहीच. लिहून ठेवा, सकाळी चहाबरोबर वाचा.

हे सगळं करूनही दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर घरगुती उपायांवर अडून बसू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.