इंग्रजी ग्रामर शिकवायचंय? आधी पोराचा मेल मागा

मी नाशिकला सातपूरमध्ये घरीच संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेते. बहुतेक पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमावाली, सातपूर-अंबड एमआयडीसीत लागलेली, आणि दोघं-तिघं निफाड, पिंपळगावकडची ज्यांच्या घरची द्राक्षं बाहेर जातात. ओळखीतल्या दोघी-तिघी नव्यानं क्लास सुरू करतायत, त्या सारख्या विचारतात की ग्रामरची सुरवात कुठून करू, म्हणून एकदाच लिहून टाकते.

टेन्सच्या तक्त्यापासून करू नका. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे समोर बसलेल्या पोरानं ते बारा टेन्स चार वेळा पाठ करून पाच वेळा विसरलेले असतात. त्याला सांगा, तू खरंच पाठवलेला एखादा मेल किंवा अर्ज आण, रजेचा असो नाहीतर गिऱ्हाइकाला पाठवलेला असो. त्यातल्या चुका हाच सिलॅबस.

तो मेल तुम्ही वाचा आणि तुम्हाला काय कळलं ते त्याला मराठीत सांगा, बस. एकानं लिहिलेलं, 'मटेरियल सेंड टुमॉरो बिफोर पेमेंट'. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही पैसे मिळायच्या आधीच माल पाठवणार? तो उडालाच, म्हणे नाही मॅडम, त्यांनी आधी पैसे द्यायचे मग आम्ही पाठवणार! फोनवर तो 'आधी पेमेंट हां शेठ' म्हणून मोकळा झाला असता, शेठला शंका आली असती तर त्यानं तिथंच विचारलं असतं. मेल वाचणाऱ्याला तेवढंच दिसतं जेवढं लिहिलंय. मग आम्ही नुसतं कोण काय करणार ते टाकलं, 'वुई विल सेंड द मटेरियल आफ्टर यू पे', झालं काम. कर्ता, कर्म, क्रियापद त्याला मराठीच्या तासापासून माहीत होतं, फक्त इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून येतं आणि मराठीत शेवटी जातं, एवढं एकदा फळ्यावर दाखवा.

आता मेन गोष्ट. आपल्या पोरांच्या निम्म्या चुका इंग्रजीच्या नसतातच, मराठीच्या असतात. 'मी काल मेल पाठवलाय' हे मराठीत एकदम बरोबर आहे ना, म्हणून तो 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' लिहितो. त्याला प्रेझेंट परफेक्टची व्याख्या देऊ नका, सांगा की वाक्यात काल, परवा, गेल्या सोमवारी असलं काही आलं की हॅव काढून टाक, 'आय सेंट द मेल यस्टरडे'. तसंच 'पासून'चं. आपण 2019 पासून म्हणतो आणि पाच वर्षांपासूनही म्हणतो, इंग्रजीत पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर. सुरवात कधी झाली ते सांगतोय की किती काळ झाला ते, एवढंच विचारायला लावा, आणि 'आय ॲम वर्किंग' असेल तिथं 'आय हॅव बीन वर्किंग' करून घ्या. यावर मी आख्खे दोन आठवडे घालवते, कारण बायोडाटात हे वाक्य येतंच येतं.

अ, ॲन, द मराठीत नाहीतच, त्यामुळे वैताग येणार. मी एकच प्रश्न देते, वाचणारा 'कोणता?' असं विचारेल का? विचारेल तर अ, त्याला आधीच माहितेय तर द. सगळीकडे नाही चालत हे, पण ऑफिसच्या मेलपुरतं भागतं. ॲन मात्र उच्चारावर लावायचं, अक्षरावर नाही, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी' पण 'ॲन एमआयडीसी प्लॉट'. हे उदाहरण दिलं की आमची पोरं लगेच आजूबाजूचं शोधायला लागतात, एकाचे वडील ओझरला एचएएलमध्ये, तो म्हणाला मग 'ॲन एचएएल एम्प्लॉयी', बरोबर!

स्पेलिंग, कॉमा वगैरे शेवटी, मोबाईल बरंचसं पकडतो. (माझी वाक्यं बघून मला कॉमा शिकवू नका प्लीज.)

तपासताना सगळं लाल करायचं नाही. मी पहिल्या वर्षी केलं, एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. आता एका मेलमध्ये एकाच प्रकारची चूक धरते, या आठवड्यात फक्त हॅव, बाकी दिसलं तरी गप्प. अर्थ उलटा होत असेल तरच मधे बोलते. आणि दुरुस्त मी करत नाही, ओळीखाली रेघ मारते, तो शोधतो, नाही सापडलं तर शेजारच्याला विचारतो. महिन्याभरानं पहिला मेल परत हातात द्या आणि नवीन लिहायला सांगा. तो शेठवाला पोरगा स्वतःचाच जुना मेल वाचून म्हणाला, मॅडम, हे कोणी लिहिलंय?