सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने ‘रीनल इन्फार्क्ट’ आढळल्यास काय करावे

पोटाचा सीटी स्कॅन भलत्याच कारणासाठी केलेला असतो आणि अहवालात ‘रीनल इन्फार्क्ट’ असे शब्द दिसतात. याचा अर्थ, मूत्रपिंडाच्या धमनीची एखादी शाखा बंद पडून तिच्यावर अवलंबून असलेला पाचरीच्या आकाराचा भाग रक्ताअभावी मृत झाला आहे. या शाखांना पर्यायी वाटा जवळजवळ नसल्यामुळे तो भाग सहसा पूर्ववत होत नाही. मात्र रक्तपुरवठा कशामुळे थांबला हे शोधणे अत्यंत आवश्यक असते, कारण हृदयातून सुटलेली गुठळी पुढच्या वेळी मेंदूतही जाऊ शकते.

प्रथम हा इन्फार्क्ट ताजा आहे की जुना, हे डॉक्टरांना विचारावे. जुन्या जागी मूत्रपिंडाची कड आत ओढली जाऊन खाच पडलेली दिसते. ताज्या इन्फार्क्टमध्ये रक्तातील एलडीएच (पेशी मृत झाल्यावर रक्तात उतरणारे एक विकर) बहुधा वाढलेले असते. मूत्रपिंडाचा जंतुसंसर्गही स्कॅनवर काहीसा असाच दिसू शकतो, म्हणून लघवीची तपासणी टाळू नये. भेटीला जाताना छापील अहवालासोबत स्कॅनच्या प्रतिमाही न्याव्यात. कुशीत तीव्र वेदना, ताप, लघवीतून रक्त, हातापायातील अचानक अशक्तपणा किंवा अडखळते बोलणे यांपैकी काहीही असल्यास भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

त्यानंतर हृदयाची तपासणी करून घ्यावी. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, हे गुठळीचे प्रमुख कारण आहे. पण ते अधूनमधूनच उमटत असल्यास काही सेकंदांच्या ईसीजीत सापडत नाही. म्हणून ईसीजी निर्दोष आला तरी 24 तासांचे किंवा त्याहून दीर्घ होल्टर निरीक्षण (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद) आणि इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) यांविषयी आग्रहाने विचारावे. हृदयात काही न सापडल्यास अँजिओग्राफीने मूत्रपिंडाच्या धमनीची भिंत फाटली आहे का, हे पाहतात आणि रक्त गोठण्याचे विकार तपासतात. त्यांतील अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची (गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी सकारात्मक आली, तर ती किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तचाचणी) सामान्य आले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण दुसरे मूत्रपिंड उणीव भरून काढत असते. रक्तदाब मात्र वाढू शकतो. तो नियमित मोजून नोंदवावा. रक्त पातळ करणारी औषधे कारणानुसार ठरतात, त्यामुळे ती स्वतःहून सुरू किंवा बंद करू नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.