आठ थ्रेड आणि वितळलेला चेहरा: एन्कोडर डीबग करताना या चुका टाळा

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) नाटकं रात्री चढतात ती पहाटेपर्यंत चालतात. त्यांचं शूटिंग करणाऱ्या माझ्या मित्राकडे रोज सकाळी पाच-सहा तासांचं फुटेज साचलेलं असतं. त्याच्यासाठी मी एका लहानशा, सी भाषेतल्या ओपन सोर्स एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला) मल्टिथ्रेडिंग, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडमध्ये काम वाटायची सोय, जोडायला घेतलं. एका थ्रेडवर सगळं नीट चाललं. आठवर वेगही आला. मग मित्राचा फोन: "भाऊ, नाचात त्या बाईचा चेहरा काहून वितळून राह्यला?"

माझी पहिली चूक म्हणजे मी एका थ्रेडची फाइल आणि आठ थ्रेडची फाइल शेजारी ठेवून बाइट जुळतात का ते पाहत बसलो. त्या जुळायलाच हव्यात असं नाही. एक्स२६४ या नावाजलेल्या एन्कोडरमध्येसुद्धा थ्रेडची संख्या बदलली की आउटपुट थोडं बदलतं, आणि ते चूक नाही. मात्र थ्रेडची संख्या तीच ठेवली तर आउटपुट दर वेळी तेच यायला हवं. म्हणून रेट कंट्रोल (फाइलचा आकार आपोआप सांभाळणारा भाग) बंद करून क्वांटायझर (किती बारकावा टाकायचा ते ठरवणारा आकडा) स्थिर ठेवा, तीच क्लिप आठ थ्रेडवर वीस वेळा एन्कोड करा आणि चेकसम (फाइलच्या बाइटवरून काढलेली खूण) ताडून पाहा. दुसरी तपासणी याहून मोलाची आहे. एन्कोडरने स्वतःच्या मेमरीत जी फ्रेम पुन्हा उभी केली ती फाइलमध्ये उतरवा, तयार झालेला व्हिडिओ डीकोडरमधून (तो पुन्हा उलगडणाऱ्या प्रोग्राममधून) काढा आणि दोन्हींची फ्रेमनिहाय तुलना करा. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाचा 'फ्रेमएमडी५' फॉरमॅट (प्रत्येक फ्रेमचा वेगळा चेकसम) यासाठीच आहे. पहिली न जुळणारी फ्रेम सापडली की अर्धं काम झालं. नंतरच्या फ्रेमकडे बघूच नका. त्या पहिलीचाच बिघाड पुढच्या की-फ्रेमपर्यंत (मागच्या फ्रेमचा आधार न घेणाऱ्या फ्रेमपर्यंत) ओढत नेतात.

माझ्याकडे ती फ्रेम २१२ वी निघाली. नर्तकी खालून वर झेपावते, नेमकी तिथेच.

आता खरी गोम. फ्रेम थ्रेडिंगमध्ये एक थ्रेड एक फ्रेम घेतो, दुसरा पुढची. पुढच्या फ्रेमला मागच्या फ्रेममधले तुकडे संदर्भ म्हणून लागतात. पण मागची पूर्ण होईपर्यंत थांबलं तर थ्रेड कशाला हवेत? आमच्याकडे वरच्या बांधीतलं (धानाच्या खाचरातलं) पाणी धुऱ्याला (बांधाला) तोंड करून खालच्या बांधीत सोडतात. पुरेसं पाणी उतरलं की खाली चिखलणी सुरू होते, वरची रोवणी संपायची वाट कोणी पाहत नाही. इथेही तसंच आहे. मागचा थ्रेड 'माझ्या इतक्या ओळी झाल्या' असं जाहीर करतो आणि पुढचा तेवढ्याच ओळी वापरतो. माझा कोड मॅक्रोब्लॉकची (फ्रेमच्या लहान चौकोनी तुकड्यांची) ओळ एन्कोड झाली की लगेच आकडा वाढवत होता. चौकोनांच्या कडा मऊ करणारा डीब्लॉकिंग फिल्टर त्या ओळीवरून अजून फिरायचाच होता. शिवाय खालची ओळ तयार झाल्यावर फिल्टर या ओळीच्या तळाच्या काही पिक्सेल-रांगा पुन्हा बदलतो. पुढचा थ्रेड कच्ची ओळ उचलत होता, डीकोडर मात्र पक्की वापरत होता. चेहरा वितळणार नाही तर काय!

तेव्हा आकडा वाढवायचा तो फिल्टर आणि फ्रेमच्या कडांचं पॅडिंग (कडेचे पिक्सेल बाहेर पसरवणं) उरकल्यावरच. वाट पाहणाऱ्यानेही हिशेब नीट धरायला हवा: मोशन व्हेक्टर (संदर्भाचा तुकडा कुठून घ्यायचा ते सांगणारा बाण) जितका खाली जाऊ शकतो तितक्या ओळी, अधिक अर्ध्या आणि पाव पिक्सेलच्या इंटरपोलेशनला (दोन पिक्सेलमधली किंमत काढायला) लागणाऱ्या आणखी काही. मोशन व्हेक्टरला खालच्या बाजूने मर्यादा घातली नाही तर मागची फ्रेम संपेपर्यंत वाट पाहायची वेळ येऊ शकते, म्हणून एक्स२६४ सुद्धा थ्रेड असताना ती मर्यादा घालतो.

हे सापडायला तीन आठवडे लागले, कारण मधले दहा दिवस मी जागोजागी प्रिंटएफ (स्क्रीनवर छापायची सूचना) टाकून बसलो होतो. प्रिंटएफ टाकलं की बग गायब, काढलं की हजर. प्रिंटएफ आतून स्वतःच कुलूप लावतो, थ्रेडची गती बदलतो आणि रेस (दोन थ्रेडची एकाच डेटावरची शर्यत) झाकतो. त्याऐवजी मेमरीतल्या साध्या बफरमध्ये, प्रत्येक थ्रेडला वेगळी जागा देऊन नोंदी ठेवा आणि शेवटी छापा.

थ्रेडसॅनिटायझर (रेस पकडणारं साधन) लावून बिल्ड करणं सगळ्यात आधी करायला हवं होतं. त्याने प्रोग्राम पाच ते पंधरा पट मंदावतो, म्हणून क्लिप पन्नास-साठ फ्रेमचीच घ्या. यात एक फसगत आहे: हाताने लिहिलेल्या असेंब्लीतली (थेट प्रोसेसरच्या सूचनांमधली) मेमरीची ये-जा त्याला दिसत नाही. असेंब्ली बंद केल्याशिवाय 'काही सापडलं नाही' या निकालावर भरवसा ठेवू नका. मी ठेवला होता.

एन्कोडर अडकूनच पडत असेल तर जीडीबी हा डीबगर जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' म्हणा, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे थांबलाय ते दिसतं. सगळे थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर (अट पुरी झाल्याच्या सिग्नलची वाट पाहत) झोपलेले दिसले, तर बहुतेक कोणीतरी म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) न धरता आकडा बदलला आणि सिग्नल हुकला. वाट पाहताना अट 'इफ'ने तपासू नका, 'व्हाइल'ने तपासा. पीथ्रेड या थ्रेडच्या लायब्ररीत थ्रेडला विनाकारणही जाग येऊ शकते.

व्हिडिओच्या शेवटच्या काही फ्रेम गायब असतील तर तो बग थ्रेडचा नाही, तुमचा. आठ थ्रेड म्हणजे किमान सात फ्रेम आत अडकलेल्या. इनपुट संपल्यावर रिकामी फ्रेम पाठवून एन्कोडर पूर्ण उपसायचा असतो. एका नाटकाचा पडदा असाच पडता पडता राहिला होता.

आणि 'थ्रेड वाढवले तरी वेग येत नाही' ही तक्रार. व्हीपी९ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये टाइल (फ्रेमचा वेगळा एन्कोड होणारा तुकडा) किमान २५६ पिक्सेल रुंद लागते, म्हणजे ६४० रुंदीच्या व्हिडिओत उभ्या टाइल फक्त २. तिथे आठ थ्रेड देऊन निम्म्याहून जास्त बसूनच राहतात. लिबव्हीपीएक्स या त्याच्या एन्कोडरमध्ये त्यासाठी 'रो-एमटी' (ओळीनिहाय थ्रेडिंग) सुरू करावं लागतं. दुसरं कारण आमच्याकडचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना भरदुपारी वेग मोजू नका. प्रोसेसर तापून स्वतःच गती कमी करतो आणि तुम्ही कोडला शिव्या देता.

म्हणून मी २०० फेऱ्यांची चाचणी रात्री लावतो आणि प्रत्येक फेरीचा आकडा लगेच डिस्कवर लिहितो. एका सकाळी तो १३७ वर थांबलेला दिसला. पोटात गोळाच आला. मग आई म्हणाली, "रात्री लाइन गेली होती ना."