सक्युलंटला पाणी कधी घालावे, हे वजनावरून ठरवा

घरातील सक्युलंट (जाड पानांत किंवा खोडांत पाणी साठवणारी झाडे) बहुधा पाण्याअभावी मरत नाहीत. वरची माती कोरडी दिसताच पुन्हा पाणी घातले जाते, तळाशी मात्र ओल टिकून असते आणि मुळे कुजतात. आठवड्याचा वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा पुढील पद्धत अधिक भरवशाची आहे.

१. माती तळापर्यंत पूर्ण कोरडी असताना कुंडी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून आलेला आकडा चिकटपट्टीवर लिहावा आणि ती पट्टी कुंडीलाच लावावी.

२. वजन पुन्हा त्या आकड्याजवळ आले की, तळाच्या छिद्रांतून वाहेपर्यंत भरपूर पाणी घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. घोट-घोट पाणी रोज देणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

३. कुंडी उचलण्याजोगी नसल्यास कोरडी लाकडी काडी तळापर्यंत खोचून काही मिनिटांनी काढावी. ती ओलसर निघाली, तर थांबावे.

पाने सुरकुतली म्हणून लगेच पाणी घालू नये, कारण कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत आणि तेव्हाही पाने तशीच दिसतात. त्यामुळे आधी वजन पाहावे. तळाला छिद्र नसलेल्या कुंडीत ही युक्ती वापरू नये.