अँटिऑक्सिडंटने नैराश्य बरे होते, हा दावा कसा तपासावा

अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरणाने पेशींचे होणारे नुकसान रोखणारे पदार्थ. दावा ज्या संशोधनावर उभा आहे तो मूळ लेख मिळवावा. प्रयोग उंदरांवरचा असेल, तर त्यावरून गोळ्या विकत घेऊ नयेत. माणसांवरचा असेल, तर किती जण होते आणि प्लासिबोचा (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीचा) गट होता का, हे टिपून घ्यावे.

खरी कसोटी यापुढे आहे, आणि तिथेच मी एकदा चुकलो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, त्याच्या पेशींच्या आवरणांत चटकन ऑक्सिडीकरण होणारी असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात, आणि नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात या ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारे मॅलॉनडायअल्डिहाइड सरासरीने अधिक आढळते. ही साखळी इतकी पटते की, ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे अशा ऑक्सिडीकरणाचा पेशींवर पडणारा अतिरिक्त भार, हेच आजाराचे मूळ असे मी धरून चाललो आणि नात्यातल्या एकाला तसे सांगितलेही. त्याने पूरक गोळ्यांच्या भरवशावर मानसोपचारतज्ज्ञांचे औषध परस्पर थांबवले आणि दोन महिन्यांत त्याचे नैराश्य पूर्वीपेक्षा तीव्र होऊन उलटले. ती जबाबदारी मी आजही माझी मानतो.

मॅलॉनडायअल्डिहाइड धूम्रपानाने वाढते, लठ्ठपणाने आणि मधुमेहानेही वाढते; नैराश्यात माणसाचा व्यायाम सुटतो, सिगारेट वाढते. म्हणजे रक्तातला हा बदल आजाराचे कारण असू शकतो, तसाच परिणामही असू शकतो. तुलनेत या बाबी हिशेबात घेतल्या आहेत का, हे पाहिल्याखेरीज ‘कारण’ हा शब्द मुळीच स्वीकारू नये. शिवाय रक्तातली मोजणी म्हणजे मेंदूतली मोजणी नव्हे.

उपचाराचा दावा असेल, तर आधी ठरवलेला मुख्य निकष शोधावा. शरीरात ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट तयार होण्यास मदत करणाऱ्या एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची २०१४ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली चाचणी पाहा. २५२ रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने १२ आठवडे हे औषध किंवा प्लासिबो देण्यात आले. मुख्य निकष असलेल्या बाराव्या आठवड्याच्या नैराश्याच्या लक्षणांच्या गुणांकनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तो सोळाव्या आठवड्यात दिसला. जाहिरातीत केवळ दुसरा आकडा येतो. हा परिणाम पुढील अभ्यासास योग्य आहे, पण चालू औषध सोडण्यास तो आधार ठरत नाही.

घरातली प्रत्येक पूरक गोळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावी: जीवनसत्त्व ई जास्त मात्रेत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि सेरोटोनिनवर काम करणारी अनेक नैराश्यरोधक औषधेही तो वाढवतात.